इंधन भरल्यानंतर लागणारा दिवा



मोटारीविषयीचे व्याख्यान म्हटले की इंजिनाची शक्ती, वेग किंवा नवनव्या सुखसोयी यांच्याविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी त्याऐवजी मोटारीतील एका लहानशा दिव्याविषयी बोलणार आहे. चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा, पिवळसर-नारिंगी रंगाचा हा दिवा असतो आणि 'चेक इंजिन लाइट' या नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. पेट्रोल भरून पंपावरून निघाल्यानंतर, त्याच दिवशी किंवा एकदोन दिवसांनी, हा दिवा लागल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. गाडी पूर्वीसारखीच चालत असते, आवाजात फरक पडलेला नसतो, तरी दिवा मात्र विझत नाही.

अशा वेळी माणसे सामान्यतः दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. काही जण घाबरून गाडी गॅरेजमध्ये नेतात आणि सांगितला जाईल तो भाग बदलून घेतात. दुसरे काही जण दिव्याकडे दुर्लक्ष करतात, किंवा कोणाकडून तरी यंत्र लावून तो विझवून घेतात. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, कारण दोहोंतही दिवा काय सांगतो आहे ते ऐकूनच घेतलेले नसते. या दिव्याचे म्हणणे मर्यादित, पण नेमके असते. गाडीतील संगणकाने स्वतःवर घेतलेली एक विशिष्ट चाचणी नापास झाली, एवढेच तो सांगतो. कोणती चाचणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत नापास झाली, हे समजून घेणे म्हणजेच निदान. हे निदान सामान्य चालकालाही बऱ्याच अंशी करता येते, हे आज मला दाखवावयाचे आहे.

प्रथम हा दिवा आला कोठून ते पाहू. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात एक तपकिरी, डोळ्यांना झोंबणारे धुके पसरू लागले. त्याचे मूळ कशात आहे, यावर पुष्कळ वाद झाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास या कोड्याचा उलगडा केला. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून हवेत जाणारी हायड्रोकार्बन संयुगे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकमेकांशी क्रिया करतात व त्यांतून ओझोन आणि इतर दाहक पदार्थ तयार होतात, असे त्यांनी दाखवून दिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवा-संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

या संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मोटार हवा दूषित करते ती केवळ धुराड्यातून नव्हे. पेट्रोल हा अत्यंत बाष्पनशील पदार्थ आहे. गाडी उन्हात नुसती उभी असली तरी टाकीतील पेट्रोलचे बाष्प होत राहते, आणि त्याला वाट मोकळी असली तर ते हवेत जाते. म्हणून १९७० च्या वर्षीच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सर्व अमेरिकेत हे बाष्प अडवून ठेवणारी यंत्रणा गाडीत बसवणे आवश्यक ठरले. पुढे असे दिसून आले की कारखान्यातून बाहेर पडताना निर्दोष असलेली गाडी काही वर्षांनी तशी राहत नाही आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा गाडीनेच स्वतःची तपासणी करावी, असा नियम पुढे आला. कॅलिफोर्नियात १९८८ पासून अशा स्वयंनिदान-यंत्रणेचा पहिला टप्पा सुरू झाला. तिच्या दुसऱ्या, अधिक काटेकोर टप्प्याची अंमलबजावणी १९९६ च्या वर्षीच्या गाड्यांपासून सर्व अमेरिकेत झाली. ओबीडी या आद्याक्षरांनी ही यंत्रणा ओळखली जाते आणि आपला दिवा हे तिचे तोंड आहे. तेव्हा हा दिवा मुख्यतः हवेच्या रक्षणासाठी आहे. तेलाचा दाब कमी झाला किंवा इंजिन तापले, तर त्यांचे इशारे बहुधा लाल रंगाचे आणि वेगळे असतात. गाडी उत्तम चालत असतानाही हा नारिंगी दिवा लागू शकतो, याचे कारण येथे आहे.

आता बाष्प अडवणारी ही यंत्रणा कशी काम करते ते पाहू. इंधनाच्या टाकीतून एक नळी एका डब्याकडे जाते. या डब्यात क्रियाशील कोळसा भरलेला असतो. हा कोळसा इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅममधील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ १००० चौरस मीटरहूनही अधिक भरू शकते. पेट्रोलचे बाष्प या पृष्ठभागाला चिकटून राहते. डब्याला आणखी दोन वाटा असतात. एक बाहेरच्या हवेकडे जाते. दुसरी इंजिनाच्या शोषण-नळीकडे जाते आणि तिच्यावर विजेवर उघडझाप करणारी झडप असते. इंजिन चालू असताना योग्य वेळी संगणक ही झडप उघडतो, बाहेरची हवा कोळशातून खेचली जाते, तिच्याबरोबर चिकटलेले बाष्प सुटते आणि इंजिनात जाऊन जळते. कोळसा पुन्हा रिकामा होतो. या झडपेला कारागीर 'पर्ज व्हॉल्व्ह' म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

ही सर्व योजना हवाबंद असली तरच उपयोगी. म्हणून अमेरिकेतील नियमांनी संगणकावर गळती शोधण्याचे काम सोपवले. प्रथम १ मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी गळती ओळखली जावी अशी अट होती. २००० च्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने ती ०.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे एखाद्या बारीक सुईच्या जाडीएवढी, कडक करण्यात आली. गळती ओळखण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. काही गाड्यांत संगणक बाहेरच्या हवेची वाट बंद करून इंजिनाच्या शोषणाने टाकीत किंचित निर्वात निर्माण करतो आणि तो टिकतो की नाही ते दाब-संवेदकाने पाहतो. काही गाड्यांत लहानसा पंप असतो. आणखी काहींत इंजिन बंद केल्यानंतर टाकी जसजशी थंड होते तसतसा आतला दाब कमी होतो की नाही, हे संगणक पाहत राहतो. तत्त्व एकच. घट्ट बूच लावलेल्या बाटलीतून हवा ओढून घेतली तर आतला दाब उतरतो आणि तसाच राहतो. बूच सैल असेल तर राहत नाही.

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. इंधन भरताना आपण काय करतो? या हवाबंद यंत्रणेचे सर्वांत मोठे तोंड उघडतो आणि पुन्हा बंद करतो. ते नीट बंद झाले नाही, तर संगणकाच्या दृष्टीने संपूर्ण यंत्रणाच गळकी ठरते. झाकण पूर्ण फिरवले गेले नसेल, त्याच्या आतील रबरी कड्याला चीर पडली असेल, कड्यावर धूळ बसली असेल, किंवा झाकण गाडीशी बांधून ठेवणारा पट्टा कडेमध्ये अडकला असेल, तर एवढ्यानेही दिवा लागतो. ज्या गाड्यांत गळतीची तपासणी होते, त्यांच्यात इंधन भरल्यानंतर लागणाऱ्या दिव्याचे पहिले आणि सर्वांत स्वस्त कारण हेच असते, आणि म्हणून तपासणीचा आरंभ येथूनच करावा. झाकण काढावे, रबरी कडे व टाकीच्या तोंडाची कड स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावी, कड्याला भेगा नाहीत ना ते पाहावे, आणि झाकण टक-टक असा आवाज होईपर्यंत फिरवून बसवावे. झाकण हरवले असेल तर त्या जागी चिंधी कोंबू नये. त्याच गाडीसाठी बनवलेले झाकण आणावे, कारण पुष्कळ झाकणांत टाकीतील दाब मर्यादेत ठेवणारी छोटी झडपही असते.

झाकण नीट बसवले तरी दिवा तात्काळ विझत नाही, आणि येथे पुष्कळांचा धीर सुटतो. संगणकाची रीत न्यायालयासारखी सावध असते. बहुतेक दोष लागोपाठ दोन प्रवासांत दिसून आल्याखेरीज तो दिवा लावत नाही, आणि लागलेला दिवा लागोपाठ तीन प्रवासांत तीच चाचणी निर्दोष झाल्याखेरीज विझवत नाही. शिवाय गळतीची चाचणी प्रत्येक प्रवासात होतेच असे नाही. पुष्कळ गाड्यांत टाकी सुमारे १५ ते ८५ टक्के भरलेली असेल आणि गाडी काही तास उभी राहून थंड झालेली असेल, तरच ती केली जाते. म्हणून झाकण घट्ट केल्यानंतर आठवडाभर वाट पाहणे योग्य असते. मात्र गाडीच्या चालण्यात काही बिघाड जाणवत नसला पाहिजे.

या नियमांतून निदानाचे एक चांगले साधन आपल्या हाती येते, ते म्हणजे घड्याळ. टाकी काठोकाठ भरली असेल, तर गळतीची चाचणी पातळी थोडी उतरेपर्यंत होणारच नाही. म्हणून झाकणाच्या सैलपणामुळे लागणारा दिवा बहुधा उशिरा, एकदोन दिवसांनी लागतो. उलटपक्षी पंपावरून निघाल्यावर पाचदहा मिनिटांतच दिवा लागला आणि त्याबरोबर इंजिन अडखळू लागले, तर झाकणाकडे पाहत बसू नये. कारण दुसरीकडे असण्याचा संभव अधिक. दिवा इंधन भरल्यानंतर 'केव्हा' लागला आणि त्या वेळी गाडी 'कशी' चालत होती, या दोन गोष्टी टिपून ठेवणाऱ्या मालकाने मेकॅनिकचे अर्धे काम केलेले असते.

दुसरे कारण पर्ज व्हॉल्व्ह हे होय. ही झडप इंजिन बंद असताना मिटलेली असली पाहिजे. ती घाणीने किंवा झिजेने उघडी अडकली, तर इंधन भरताना टाकीतून रेटले गेलेले बाष्प सरळ इंजिनाच्या शोषण-नळीत जाऊन साठते. चाळीस लिटर पेट्रोल टाकीत शिरते तेव्हा तेवढ्याच आकारमानाचे बाष्पमिश्रित वारे टाकीतून बाहेर पडावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा रेटा किती असेल याची कल्पना येईल. या दोषाचे चिन्ह अगदी ठळक आहे. एरवी चटकन सुरू होणारी गाडी फक्त पेट्रोल भरल्यानंतर सुरू होण्यास कुरकुरते, सुरू झाली तरी काही सेकंद थरथरते, आणि मग ठीक चालते. असे दोनतीनदा घडले असेल, तर पेट्रोलला दोष देण्यापूर्वी ही झडप तपासावी. इंजिनाकडील नळी काढून, इंजिन बंद असताना तिच्यातून हवा आरपार जाते का, हे कारागीर काही मिनिटांत पाहू शकतो.

या झडपेचे आणि कोळशाच्या डब्याचे आयुष्य कमी करणारी एक सवय आपल्याकडे फार रूढ आहे. पंपावरील नोझलच्या टोकाशी एक लहान छिद्र असते. पेट्रोलची पातळी त्या छिद्रापर्यंत पोहोचली की नोझल आपोआप बंद होते. टाकी भरल्याची ती खूण असते. तरीही रुपयांचा आकडा गोल करण्यासाठी किंवा आणखी चार घोट मावतील या समजुतीने नोझल पुनःपुन्हा दाबले जाते. टाकीच्या वरच्या भागात बाष्पासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा अशा रीतीने भरून जाते आणि द्रवरूप पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरते. डबा बाष्पासाठी आहे, द्रवासाठी नाही. भिजलेला कोळसा बाष्प धरू शकत नाही, त्याचे कण सुटतात आणि झडपांत जाऊन अडकतात. थोड्याशा जादा पेट्रोलची किंमत मग संपूर्ण डबा बदलून द्यावी लागते. नोझल एकदा आपोआप थांबले की थांबावे, हा नियम प्रत्येकाने पाळावा.

तिसरे कारण म्हणजे खुद्द इंधन. येथे दिव्याबरोबर गाडीच्या वागण्यातही फरक पडतो. पिकअप कमी होतो, इंजिन मिस मारू लागते, चढावर धक्के बसतात. पेट्रोलमध्ये पाणी असणे हा यातला सर्वांत जाचक प्रकार. पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाळ्यात पाणी झिरपण्याचा धोका असतोच. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये या धोक्याचे स्वरूप बदलते. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते, त्यामुळे अल्प पाणी निरुपद्रवीपणे जळून जाते. परंतु ते प्रमाण ओलांडले, आणि दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ते सुमारे अर्धा टक्का असते, की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो व तळाशी बसतो. गाडीतील पंप तळातूनच इंधन खेचतो. त्यामुळे इंजिनाला काही वेळ जवळजवळ न जळणारे द्रव्य मिळते आणि ते अडखळते. भेसळयुक्त पेट्रोलचीही लक्षणे अशीच असू शकतात.

निर्दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचाही संगणकाशी संबंध येतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळण्यास हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. धुराड्यातील ऑक्सिजन-संवेदकाच्या साहाय्याने संगणक हा फरक ओळखतो आणि इंधनाची मात्रा थोडी वाढवतो. अशा जुळवणीला मर्यादा असते. एखाद्या गाडीत आधीच हवेची बारीक गळती किंवा थकलेला इंधन-पंप असेल, तर ही जुळवणी मर्यादेपाशीच पोहोचलेली असते. नव्या इंधनाने ती थोडीशी ओलांडली जाते आणि दिवा लागतो. अशा प्रसंगी इंधन निमित्तमात्र असते. दुखणे जुनेच असते.

चुकीचे इंधन भरले जाणे हा प्रकार वेगळा मोजला पाहिजे. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेल्याचे पंपावरच लक्षात आले, तर इंजिन सुरूच करू नये, चावीही फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. डिझेल इंजिनातील उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच; पेट्रोल ते वंगण धुऊन काढते. येथे दिव्याची वाट पाहणे फार महाग पडते. डिझेलच्या गाड्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डिझेलचे बाष्प फारच कमी होते, म्हणून कोळशाचा डबा आणि झाकण यांविषयी वर जे सांगितले ते त्यांना लागू नाही.

या सर्व प्रकारांत एक खूण तातडीची आहे. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न जळताच बाहेर जात आहे असे समजावे. ते धुराड्यातील उत्प्रेरकात जाऊन जळते, त्याला भट्टीसारखे तापवते आणि थोड्याच अंतरात कायमचे निकामी करू शकते. लुकलुकणारा दिवा दिसताच वेग कमी करावा, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि ती ओढून नेण्याची व्यवस्था करावी. स्थिर दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. सवडीने, परंतु निश्चितपणे, तपासणी करावी.

चौथे कारण तर्कशास्त्राचे आहे. एक घटना दुसरीनंतर घडली म्हणजे ती पहिलीमुळेच घडली, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. गाडी नेहमी वापरणारा माणूस दर आठवड्याला पेट्रोल भरतो. तेव्हा कोणताही दोष प्रकट झाला तरी तो कोणत्या तरी इंधन भरण्यानंतर आठवडाभरातच प्रकट होणार. जुने स्पार्क प्लग, थकलेला संवेदक किंवा उंदराने कुरतडलेली वायर यांना पंपावरच्या भेटीशी काही देणेघेणे नसते. म्हणून हा योगायोग आहे की कार्यकारणभाव, हे ठरवण्यासाठी पुरावा पाहिजे, आणि तो पुरावा गाडीच्या संगणकात साठवलेला असतो.

सुकाणूच्या खालच्या बाजूला सोळा टोचण्यांची एक खोबण असते. तेथे स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेला संकेतांक वाचता येतो. पी-०४५५ म्हणजे बाष्प-यंत्रणेत मोठी गळती. पी-०४५७ म्हणजे झाकण सैल असल्याची किंवा नसल्याची शंका. पी-०४४२ म्हणजे लहान गळती. पी-०४४१ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हमधील प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा अधिक. पी-०३०० म्हणजे निरनिराळ्या सिलिंडरांत ज्वलन चुकत आहे. संकेतांकाबरोबर त्या क्षणाची नोंदही असते: गाडीचा वेग किती, इंजिनाचे तापमान किती, त्यावरचा भार किती. वैद्याला रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीइतकी ही नोंद मोलाची आहे.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली अशी की संकेतांक नापास झालेल्या चाचणीचे नाव सांगतो, नादुरुस्त भागाचे नव्हे. पी-०१७१ दिसताच ऑक्सिजन-संवेदक बदलला जातो असे अनेकदा घडते. वास्तविक त्या संवेदकाने मिश्रणातील उणीव खरीच सांगितलेली असते. ताप आला म्हणून तापमापक फेकून देण्यासारखे ते आहे. दुसरी गोष्ट अशी की वाचण्यापूर्वी संकेतांक पुसू नये. पुसल्याने दिवा विझतो, पण त्याबरोबर त्या क्षणाची नोंदही जाते आणि संगणकाने पूर्ण केलेल्या सर्व स्वयंचाचण्या 'अपूर्ण' म्हणून पुन्हा मांडल्या जातात. अमेरिकेतील ज्या राज्यांत गाडीची नियतकालिक तपासणी याच खोबणीतून होते, तेथे अशा अपूर्ण चाचण्या ठराविक संख्येहून अधिक असल्या तर गाडी संमत होत नाही. तपासनीसाने मागितलेल्या वहीची पानेच फाडून नेण्याचा हा प्रकार तेथील नियमकर्त्यांनी आधीच ओळखला होता. आपणही गॅरेजमध्ये प्रथम एवढेच म्हणावे: संकेतांक वाचा, कागदावर लिहून द्या, आणि मग काय करावयाचे ते बोलू. गळतीचा संकेतांक असेल आणि झाकण निर्दोष असेल, तर यंत्रणेत कमी दाबाने धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहण्याची खात्रीची रीत आहे; अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारत स्टेज ४ या मानकांबरोबर १ एप्रिल २०१० पासून मोटारींमध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके सर्व देशात लागू झाली. आपली ही मानके मुख्यतः युरोपच्या नमुन्यावर आहेत, अमेरिकेच्या नव्हे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. युरोपीय नमुन्यात बाष्प-यंत्रणेच्या बाबतीत पर्ज व्हॉल्व्हचे विद्युत्-मंडल अखंड आहे की नाही, एवढे तपासणे संगणकाला पुरते. सुईएवढे भोक शोधण्याची सक्ती तेथे नाही. म्हणून 'पेट्रोल भरल्यावर दिवा लागला तर झाकण घट्ट करा' हा जगभर पसरलेला सल्ला अमेरिकेतील गाडीला जितका लागू पडतो, तितका आपल्याकडील प्रत्येक गाडीला पडत नाही. आपल्या गाडीत गळतीची तपासणी होते की नाही, हे निर्मात्याच्या सेवा-केंद्रात विचारून घ्यावे. ती होत नसेल, तर पंपावरून निघाल्यावर लागलेल्या दिव्यासाठी पर्ज व्हॉल्व्ह, इंधनाची शुद्धता आणि जुने दबलेले दोष यांचा विचार आधी केला पाहिजे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जेथे गळतीची तपासणी नाही, तेथे झाकण वर्षभर सैल असले तरी दिवा लागणार नाही. नव्या नमुन्याच्या गाडीला मान्यता देताना संपूर्ण गाडी बंद कक्षात ठेवून बाष्प मोजले जाते, आणि ते एका चाचणीत २ ग्रॅमहून अधिक असून चालत नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. पण गाडी रस्त्यावर आल्यानंतर ही तपासणी कोणी करत नाही. प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्रासाठी जी तपासणी होते ती धुराड्यात नळी घालून होते. टाकीच्या तोंडातून निसटणारे बाष्प तिला दिसतच नाही. पेट्रोलच्या बाष्पात बेंझिन असते आणि ते माणसाला कर्करोग करणारे द्रव्य म्हणून निश्चितपणे ओळखले गेले आहे. आपल्या उन्हाळ्यात, ऊन आणि वाहनांची गर्दी एकत्र येतात अशा शहरांत, हेच बाष्प ओझोनच्या निर्मितीला हातभार लावते. लॉस एंजेलिसचे रसायनशास्त्र दिल्लीत, अहमदाबादेत किंवा नागपुरात वेगळे नसते. ज्या गाडीत यंत्र पाहत नाही, त्या गाडीत झाकणाकडे पाहण्याची जबाबदारी मालकावर येते.

इंधनाच्या बाबतीतही आपल्या हाती काही आहे. पंपावर गाळण-कागदाची चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. नोझलच्या टोकावरून पेट्रोलचा एक थेंब स्वच्छ कागदावर टाकला असता शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. घनतेची तपासणी मागता येते, आणि मापाविषयी शंका असल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने खात्री करून घेता येते. दिवा लागला आणि इंधनाचा संशय आला, तर पावती जपून ठेवावी, तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि टाकीतील थोडे पेट्रोल कारागिराकरवी स्वच्छ काचेच्या बरणीत काढून, झाकण लावून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर तक्रारीला आधार मिळतो. पुराव्यावाचून केलेला आरोप पंपचालकावर अन्याय करणारा ठरू शकतो, आणि पुरावा असूनही गप्प बसणे इतर ग्राहकांवर.

सारांश सांगावयाचा तर क्रम असा ठेवावा. दिवा लुकलुकत असेल तर थांबावे. स्थिर असेल तर तो केव्हा लागला आणि गाडी कशी चालते आहे हे टिपावे. झाकण व त्याचे रबरी कडे पाहावे. इंधन भरल्यावरच गाडी सुरू होण्यास त्रास देते का, हे आठवावे. मग संकेतांक वाचून लिहून घ्यावा, आणि त्यानंतरच दुरुस्तीचा निर्णय करावा. या क्रमात स्वस्त आणि सोपी पायरी प्रथम येते, महाग आणि अवघड पायरी शेवटी, व प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा पुरावा हाती राहतो. वैद्यकात, शेतीत किंवा कारखान्यात, जेथे जेथे दोष शोधावा लागतो, तेथे तेथे हीच शिस्त कामी येते.

 पुढच्या वेळी पेट्रोल भरून झाल्यावर झाकणाचा टक-टक आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याखेरीज पंप सोडू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.